मुस्लिम समाज आणि धर्मांध अतिरेक : कारणांचा वाद

मुस्लिम समाजांत आढळणाऱ्या धार्मिक अतिरेकाचे मूळ त्या समाजांच्या अंतर्गत दोषांत आहे, की वसाहतवाद, महासत्तांचे डावपेच, दारिद्र्य आणि असुरक्षितता यांत, याविषयीचा वाद. शब्दांची सरमिसळ हा यातला पहिला अडथळा. कर्मठ (रूढी काटेकोर पाळणारा), मूलतत्त्ववादी (मूळ धर्मग्रंथांबरहुकूम समाज चालावा म्हणणारा), जमातवादी (आपल्या धर्मसमूहाचे राजकारण करणारा) आणि दहशतवादी ही चार वेगळी माणसे आहेत. नाशिकच्या बोलण्यात मात्र चौघांना मिळून ‘कट्टर’ हा एकच शब्द पुरतो, आणि तोच शब्द दुचाकीच्या नंबरप्लेटवर अभिमानाने रंगवलेलाही दिसतो.

अमेरिकेवरील २००१ च्या हल्ल्यांनंतर हा वाद आपल्याकडे आला, असे समजणे चूक आहे. १९४० मध्ये पाकिस्तानच्या मागणीवर लिहिताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतीय मुस्लिमांतील सामाजिक साचलेपणावर कठोर टीका केली. मात्र त्याचे कारण त्यांनी केवळ धर्मात शोधले नाही. हिंदूबहुल परिसरात आपण विरघळून जाऊ ही धास्ती आणि राजकीय चढाओढ यांमुळे सुधारणा मागे पडते, असे त्यांचे निदान होते. याच आंबेडकरांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह (१९३०) आणि येवल्याची धर्मांतराची घोषणा (१९३५) नाशिक जिल्ह्यात केली होती. स्वतः ज्या समाजात वाढलो त्याच्या अंतरंगाची चिकित्सा कशी करायची, हे या जिल्ह्याने जवळून पाहिले आहे.

‘आतली कारणे’ या बाजूचे मराठीतील सर्वांत ठळक नाव लेखक आणि समाजसुधारक हमीद दलवाई (१९३२–१९७७). मुस्लिम समाजात आत्मटीका करणारा आधुनिक वर्ग पुरेसा वाढला नाही, आणि नेतृत्व प्रत्येक दुखण्याचा दोष इतरांवर टाकते, असे ते म्हणत. १९७० मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाचे नाव त्यांनी फुल्यांच्या परंपरेतून घेतले. हिंदू जमातवादालाही त्यांनी सोडले नाही, पण त्यांचे दाखले देणारे हा भाग सहसा गाळतात. अभ्यासक आणि सुधारक असगर अली इंजिनियर (१९३९–२०१३) यांनी उलट दंगलींमागची आर्थिक आणि राजकीय गणिते मांडली. गंमत अशी की, दाऊदी बोहरा या शिया मुस्लिमांतील समाजात धर्मगुरूंच्या सत्तेविरुद्ध लढताना आतल्या जाचाचा अनुभव त्यांनीच पुरेपूर घेतला.

जागतिक चर्चेत २००२ चा अरब मानवी विकास अहवाल महत्त्वाचा आहे. तो अरब अभ्यासकांनीच लिहिला होता आणि स्वातंत्र्य, ज्ञान व स्त्रियांचे सक्षमीकरण या तिन्हींची उणीव त्यांनी कबूल केली. फ्रान्समध्ये अभ्यासक जिल केपेल यांनी वस्त्यांत पसरलेल्या सलाफी विचाराकडे, म्हणजे इस्लामच्या आरंभकाळाकडे परतू पाहणाऱ्या कडव्या प्रवाहाकडे, बोट दाखवले. दुसरे फ्रेंच अभ्यासक ऑलिव्हिए रॉय यांच्या मते तिथले बहुतेक हल्लेखोर धार्मिक घडण नसलेले, आधी बंडखोर झालेले आणि मग धर्माची भाषा उचललेले तरुण होते. आत-बाहेरची ही विभागणी १९७९ या एका वर्षापुढेच डगमगते. इराणची क्रांती, मक्केच्या मशिदीवरचा सशस्त्र कब्जा आणि अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा, हे सारे त्याच वर्षी घडले. पुढे अफगाण युद्धात अमेरिकेचा पैसा आणि आखाती देशांतला धर्मविचार एकाच छावणीत पोहोचले. त्यात आतले किती आणि बाहेरचे किती, हे वेगळे काढता येत नाही.

नाशिक जिल्ह्यात ही चर्चा मालेगावाला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. यंत्रमागांच्या या गावात शुक्रवारी खडखडाट थांबतो. ८ सप्टेंबर २००६ चा शुक्रवार शब-ए-बरातचा, म्हणजे मृत आप्तांसाठी प्रार्थना करण्याच्या सणाचा, होता. नमाज संपून बडा कब्रस्तानपाशी गर्दी असताना स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे गेली. पकडले गेले ते स्थानिक मुस्लिम तरुण. कित्येक वर्षे तुरुंगात काढल्यावर २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. २००८ मध्ये मालेगावातच पुन्हा झालेल्या स्फोटात सहा जण मेले. त्या खटल्यात हिंदुत्ववादी संघटनांशी संबंध जोडलेल्या आरोपींसह सातही जण जुलै २०२५ मध्ये निर्दोष सुटले. मेलेल्यांच्या घरच्यांपुढे ‘मग कोणी केले?’ हा प्रश्न तसाच उरला.

या अनुभवाने आतल्या चिकित्सेची वाट अरुंद केली. दलवाईंचे विवेचन समाज का साचतो हे चांगले सांगते, पण बॉम्ब कोण आणि का ठेवतो याचे उत्तर म्हणून ते वापरले की फसते. संशयाखाली जगणारा समाज स्वतःच्या चुका चारचौघांत मोजत नाही, आणि त्याच्या मौनाचा फायदा सर्वांत आधी त्याच्यातल्याच कर्मठांना होतो. १८ एप्रिल १९६६ रोजी दलवाईंनी मुंबईत विधिमंडळावर तोंडी तलाकविरोधी मोर्चा नेला, तेव्हा त्यात सात स्त्रिया होत्या. २०१८ मध्ये मालेगावात तिहेरी तलाकबंदीच्या विधेयकाविरोधात मोर्चा निघाला, तेव्हा रस्त्यावर हजारो बुरखाधारी स्त्रिया होत्या.