दोनशे यार्डांवरून मागे फिरलेला पाइपर

स्कॉटलंडच्या पर्थशायर भागात क्रीफ नावाचं गाव आहे. तिथल्या आर्डव्रेक शाळेत कित्येक दशकं एक मोडका बॅगपाइप ठेवलेला होता. लाकडी नळ्या तुटलेल्या, पिशवीवर चिखलाचे डाग, आणि पिशवीच्या कापडावर एका विशिष्ट चौकड्यांची नक्षी. पहिल्या महायुद्धात लष्करी धर्मगुरू म्हणून गेलेल्या एडवर्ड येल्ड बेट यांना तो १९१७ मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर सापडला होता. युद्धानंतर ते या शाळेत शिकवायला आले, तेव्हा त्यांनी तो बरोबर आणला. वाजवणारा कोण होता, हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याचं नाव जेम्स क्लीलंड रिचर्डसन. जन्म २५ नोव्हेंबर १८९५, लॅनार्कशायरमधल्या बेल्सहिल या कोळशाच्या आणि पोलादाच्या गावात. युद्धाच्या आदल्या काही वर्षांत त्याचं कुटुंब इतर हजारो स्कॉटिश कुटुंबांसारखं कॅनडाला गेलं आणि पश्चिम टोकाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात राहू लागलं. वडील चिलिवॅक गावचे पोलीसप्रमुख झाले. मुलगा व्हँकुव्हरच्या सीफोर्थ हायलँडर्स या पलटणीच्या कॅडेट पथकात बॅगपाइप वाजवू लागला. (हायलँड म्हणजे स्कॉटलंडचा उत्तरेकडचा डोंगराळ भाग.) देश सुटला, बॅगपाइप सुटला नाही. परदेशी गेलेला मराठी माणूस ढोल-ताशाचं पथक काढतो, त्यातलंच हे.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं आणि तो लगेच भरती झाला. कॅनडाने युरोपात धाडलेल्या पहिल्या तुकडीतले निम्म्याहून अधिक सैनिक ब्रिटनमध्ये जन्मलेले होते. रिचर्डसनची १६ वी बटालियन, म्हणजे ‘कॅनेडियन स्कॉटिश’, व्हिक्टोरिया, व्हँकुव्हर, विनिपेग आणि हॅमिल्टन अशा चार शहरांतल्या चार हायलँड पलटणींतून माणसं घेऊन उभी केली होती. प्रत्येक पलटणीचा घागऱ्यासारखा किल्ट वेगळा, त्यावरच्या चौकड्या वेगळ्या, आणि आपल्याच चौकड्या घालणार हा हट्टही तेवढाच. शेवटी साऱ्यांना साधा खाकी किल्ट देऊन भांडण मिटवलं गेलं. बॅगपाइप मात्र चारही पलटणींना सारखाच प्रिय होता.

या वाद्याचा आणि लढाईचा संबंध कसा जुळला, हे इथेच सांगायला हवं. एरवी रिचर्डसनने जे केलं, तो निव्वळ वेडेपणा वाटेल.

बॅगपाइपची रचना आपल्याला अगदी परकी नाही. सनईवाल्याच्या शेजारी एकच स्वर धरून बसणारा सूरवाला आठवा. हायलँड बॅगपाइपमध्ये तो सूरवाला वाद्यातच बसवलेला असतो. खांद्यावर टेकलेल्या तीन नळ्या सतत एकच स्वर धरतात, आणि खालच्या भोकांच्या नळीवर, जिच्यात सनईसारखी दुहेरी पत्ती असते, बोटांनी धून वाजते. स्वर अवघे नऊ. श्वास थेट नळीत न जाता आधी काखेतल्या पिशवीत जातो, त्यामुळे वादकाने दम घेतला तरी आवाज तुटत नाही. आवाज लहान-मोठाही करता येत नाही. वाजतो तो पूर्ण ताकदीने, नाहीतर अजिबात नाही. बंद खोलीत हे वाद्य कानठळ्या बसवतं, पण डोंगरात आणि रणांगणावर दुसरं काही ऐकू येत नाही तिथेही ते ऐकू येतं.

१७४५ मध्ये स्कॉटलंडच्या जॅकोबाइटांनी, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांनी, ब्रिटनच्या राजाविरुद्ध बंड केलं आणि पुढच्या एप्रिलमध्ये कलोडनच्या माळावर ते चिरडलं गेलं. पकडलेल्यांत जेम्स रीड नावाचा एक पाइपर होता. यॉर्कच्या न्यायालयात त्याचा बचाव एवढाच होता, की मी शस्त्र हाती घेतलेलं नाही, नुसता पाइप वाजवला. न्यायालयाने म्हटलं, की हायलँडची फौज पाइपरशिवाय कूच करत नाही, तेव्हा तुझा पाइप हेच युद्धाचं साधन. १५ नोव्हेंबर १७४६ रोजी त्याला फाशी झाली. (या बंडानंतर केलेल्या कायद्याने बॅगपाइपवर बंदी घातली, असं सर्रास सांगितलं जातं. त्या कायद्यात शस्त्रं आणि हायलँडचा पोशाख यांचा उल्लेख आहे, बॅगपाइपचं नाव नाही.)

मग गंमत अशी झाली, की ज्या राजसत्तेने पाइपरला फासावर चढवलं, तिनेच हायलँडर्सच्या पलटणी उभारल्या आणि त्यांच्याबरोबर पाइपरही साम्राज्यभर फिरवले. १८५४ मध्ये पलटणीच्या पाइपरांना सरकारी मान्यता मिळाली. २० ऑक्टोबर १८९७ रोजी तेव्हाच्या हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर दर्गाईच्या चढाईत गॉर्डन हायलँडर्सचा जॉर्ज फिंडलेटर पायांत गोळ्या लागून पडला, आणि दगडाला टेकून वाजवतच राहिला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्या पिढीतल्या प्रत्येक पाइपर पोराच्या डोक्यात फिंडलेटर असणारच. रिचर्डसन तेव्हा दोन वर्षांचाही झालेला नव्हता.

पहिल्या महायुद्धाने मात्र हिशेब बदलला. समोर मशीनगन असताना उभं राहून वाजवणारा माणूस म्हणजे आयतं सावज. सुरुवातीच्या लढायांत इतके पाइपर पडले, की अनेक बटालियननी उरलेल्यांना मागे घेतलं आणि त्यांना जखमी उचलण्याचं काम दिलं. सगळे मिळून सुमारे २,५०० पाइपर या युद्धात होते. त्यांतले सुमारे ५०० मेले आणि ६०० जखमी झाले, असा हिशेब नंतर मांडला गेला. तरीही परंपरा सुटत नव्हती. २५ सप्टेंबर १९१५ रोजी लूजच्या लढाईत विषारी वायूने गांगरलेल्या आपल्या लोकांना हलवण्यासाठी डॅनियल लेडलॉ हा चाळिशीतला पाइपर खंदकाच्या काठावर चढला आणि वाजवू लागला. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस. नवल हे, की उपाय अजूनही चालत होता.

एका वर्षाने फ्रान्समधली सोमची लढाई. १ जुलै १९१६ ला सुरू झालेली ही लढाई ऑक्टोबरपर्यंत चिखलात रुतली होती. कॅनेडियन फौजेसमोर कूर्सलेत गावाच्या पलीकडे जर्मनांचा एक लांबलचक खंदक होता, नकाशावर नाव ‘रेजायना ट्रेंच’. १ ऑक्टोबरचा हल्ला फसला. दुसरा ठरला ८ तारखेला.

खरी अडचण खंदकाची नव्हती, त्याच्या पुढच्या काटेरी तारांची होती. तारा तोडायचं काम तोफखान्याचं. पण त्या काळचे तोफगोळे एकतर हवेत फुटून छर्रे उडवत, नाहीतर जमिनीत घुसून मग फुटत. मऊ चिखलात तर आणखी खोल जाऊन. खड्डे पडत, तारा थोड्या उसळून पुन्हा तिथेच पडत. गोळा तारेला टेकताच फोडणारी नवी कळ मोठ्या संख्येने हाती यायला १९१७ साल उजाडलं. शिवाय पडलेली भगदाडं जर्मन सैनिक रात्रीतून नव्या तारा टाकून बुजवत. हे आघाडीवरच्या शिपायाला कळायचं ते तारांपाशी पोचल्यावरच.

रिचर्डसनने आपल्या कंपनीबरोबर वाजवत जाण्याची परवानगी कमांडिंग ऑफिसरकडून मागून घेतली होती. पहाटे ४ वाजून ५० मिनिटांनी हल्ला सुरू झाला. पुढे जाताना तो वाजवत नव्हता. तारा गाठल्या, त्या शाबूत होत्या. वरून गोळीबार. कंपनीचा मेजर पडला, माणसं खड्ड्याखड्ड्यांत आडवी झाली. रिचर्डसन तिथे सार्जंट-मेजरच्या शेजारी होता. त्याने विचारलं, देऊ का यांना जरा वारा? पाइपरांच्या बोलीत वारा देणं म्हणजे वाजवणं. सार्जंट-मेजर म्हणाला, दे बाबा दे.

मग तो उठला आणि तारांच्या बाहेरच्या बाजूने येरझारा घालत वाजवू लागला. पदकाच्या मानपत्रात त्याच्या थंड डोक्याची नोंद आहे, आणि परिणाम तत्काळ झाला असंही म्हटलं आहे. पडलेली माणसं उठली, तारांवर तुटून पडली आणि खंदकात शिरली. वाजवणाऱ्याला त्या वेळात एकही गोळी लागली नाही, हा निव्वळ योगायोग. मानपत्रं योगायोगाला जागा देत नाहीत.

त्यानंतरचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. खंदकात तो हातबाँबच्या झटापटीत सामील झाला. पुढे त्याला एक जखमी साथीदार आणि काही कैदी मागे नेण्याचं काम मिळालं. म्हणजे जिवंत परतायची वाट हातात आली होती. सुमारे दोनशे यार्ड गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की पाइप मागे राहिला. बरोबरच्यांनी जाऊ नको म्हणून विनवलं. तो ऐकेना. मागे फिरला, आणि त्यानंतर तो कुणालाही दिसला नाही. एकविसावा वाढदिवस सात आठवड्यांवर होता.

मानपत्रात ‘ठाणे काबीज झाले’ असं वाक्य आहे. ते खरं आहे, पण थोड्याच वेळापुरतं. शेजारच्या बटालियन अडकून पडल्या, जर्मनांनी उलट हल्ले केले आणि खंदकात शिरलेल्या कॅनेडियनांना त्याच दिवशी माघार घ्यावी लागली. रेजायना ट्रेंच अखेर हाती आली ११ नोव्हेंबर १९१६ ला, आणखी महिनाभर माणसं खर्ची पडल्यावर. रिचर्डसनच्या व्हिक्टोरिया क्रॉसची घोषणा तर २२ ऑक्टोबर १९१८ ला झाली, मृत्यूनंतर दोन वर्षांनी. या युद्धात हे पदक मिळालेले पाइपर दोनच, लेडलॉ आणि हा. मिरोमों गावाजवळच्या अडानाक लष्करी दफनभूमीत त्याची कबर आहे. अडानाक म्हणजे ‘कॅनडा’ची इंग्रजी अक्षरं उलट्या क्रमाने.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत आघाडीवर पाइप वाजवायला बंदी आली होती. ती मोडणारा सर्वांत प्रसिद्ध पाइपर म्हणजे ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर वाजवत फिरलेला बिल मिलिन, वय २१. त्याचा प्रवास रिचर्डसनच्या नेमका उलटा: जन्म कॅनडात, वाढला ग्लासगोत. आणि जन्मगाव कोणतं, तर रेजायना! आज हे वाद्य बहुतेक ठिकाणी संचलनापुरतं उरलं आहे. आपल्याकडे दर २९ जानेवारीला दिल्लीत बीटिंग रिट्रीटमध्ये भारतीय पलटणींचे पाइपर वाजवताना दिसतात, त्यांचा वारसा या हायलँड पलटणींकडून आलेला.

आर्डव्रेक शाळेतल्या त्या मोडक्या पाइपचा छडा लागायला २००२ साल उजाडावं लागलं. तिथल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी चौकशी चालवली होती. पिशवीवरच्या चौकड्या लेनॉक्स घराण्याच्या निघाल्या, आणि तीच नक्षी १६ व्या बटालियनच्या पाइपरांशी जोडलेली होती. सापडल्याची जागा आणि काळ जुळला. कॅनेडियन स्कॉटिश रेजिमेंटचा पाइप मेजर २००६ मध्ये स्कॉटलंडला जाऊन तो घेऊन आला. ८ नोव्हेंबर २००६ पासून तो व्हिक्टोरिया शहरात, ब्रिटिश कोलंबियाच्या विधिमंडळाच्या इमारतीत, काचेआड आहे. त्याआधी कित्येक दशकं, म्हणजे ज्याचा तो होता त्याच्या आयुष्याहून कितीतरी अधिक काळ, तो क्रीफला होता. बेल्सहिलपासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर.