हिवाळ्यातील विसावा आणि स्त्रीचे पोषण : चिनी वैद्यकातील एका विचाराची पार्श्वभूमी

सोलापुरात चीनचा विषय निघाला की पहिले नाव येते ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे. १० ऑक्टोबर १९१० रोजी या शहरात जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, ऐन थंडीत, वयाच्या ३२ व्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे काम आधुनिक शस्त्रक्रियेचे होते. चिनी वैद्यकाशी आपला संबंध जोडला तो त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे सुया टोचून करायचा उपचार, शिकले आणि कोलकात्यात परतून त्यांनी ते सुरू केले. सुया आपल्याकडे आल्या, पण त्या वैद्यकातील ऋतुचर्या फारशी आली नाही. हिवाळ्यात स्त्रियांनी विसावा घ्यावा आणि शरीराचे भरण करावे, हा अलीकडे कानावर येणारा सल्ला त्याच ऋतुचर्येतला आहे.

त्याचे मूळ ‘ह्वांगदी नेइजिंग’ या, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांत संकलित झाला असे मानल्या जाणाऱ्या ग्रंथात सापडते. हिवाळ्याचे तीन महिने म्हणजे मिटून घेण्याचा आणि साठवणुकीचा काळ, असे तेथे म्हटले आहे: पाणी गोठते, जमीन भेगाळते, म्हणून आतली ऊब ढवळू नये, लवकर निजावे, उशिरा उठावे, सूर्यप्रकाशाची वाट पाहावी, घाम गाळू नये आणि मन असे ठेवावे, जणू हवे ते आधीच मिळाले आहे. या शेवटच्या शब्दांपाशी मी दर वेळी थांबते, कारण काय खावे याआधी येथे मनाच्या स्वस्थतेचा विचार केलेला आहे. याच्या उलट वागल्यास मूत्रपिंडाला इजा होते आणि वसंतात अशक्तपणा येतो, असे ग्रंथ मानतो. येथे मूत्रपिंड म्हणजे केवळ लघवी तयार करणारा अवयव नव्हे. वाढ, प्रजनन आणि वार्धक्य यांचे मूळ सत्त्व जेथे साठते ते स्थान, असा त्याचा अर्थ आहे. स्त्रीचे आयुष्य हाच ग्रंथ सातसात वर्षांच्या टप्प्यांनी मोजतो: १४ व्या वर्षी पाळी येते, २८ व्या वर्षी शरीर ऐन भरात असते, ३५ पासून चेहरा उतरू लागतो, ४९ व्या वर्षी पाळी जाते. हिवाळ्यातली साठवण आणि स्त्रीचे आरोग्य यांची सांगड येथे बसते.

पोषणाचे पदार्थ पुढच्या काळात वाढत गेले. इसवी सन २०० च्या सुमारास होऊन गेलेले वैद्य झांग झोंगजिंग यांच्या नावावरील ग्रंथात डांगग्वेई ही मुळी, आले आणि मटण यांचा रस्सा बाळंतिणीच्या पोटदुखीसाठी सांगितला आहे. सातव्या शतकात सुन सिमियाओ यांनी आपल्या मोठ्या ग्रंथात स्त्रियांच्या उपचारांना आरंभीच्या खंडांत स्थान दिले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे सोंग राजवटीच्या काळात (दहावे ते तेरावे शतक) चार मुळ्यांचा ‘सीवू’ काढा स्त्रियांसाठी रूढ झाला. सुंठ, डिंक, अळीव, खारीक-खोबरे आणि पायाचा रस्सा बाळंतिणीला देणाऱ्या आपल्या घरांना यातले फारसे काही परके वाटणार नाही.

याच प्रवासात व्यापारही शिरला. गाढवाच्या कातडीपासून बनणाऱ्या ‘अजियाओ’ या पौष्टिक पदार्थाची मागणी इतकी वाढली की २०२४ मध्ये आफ्रिकी संघाला त्या कातडीसाठी होणाऱ्या गाढवांच्या कत्तलीवर बंदी घालावी लागली. शिवाय असे पदार्थ ‘रक्त’ भरून काढतात असे चिनी वैद्यक मानते, पण ते ‘रक्त’ म्हणजे प्रयोगशाळेत मोजले जाणारे हिमोग्लोबिन नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा स्त्रीला आधी तपासणी आणि लोह हवे, काढा नव्हे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डांगग्वेई घेऊच नये.

मूळ सल्ला गोठणाऱ्या उत्तरेकडच्या हवेतला आहे. सोलापुरात पाणी गोठत नाही. संक्रांतीच्या सुमारास येथे भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे शाल लागते आणि दुपारी ऊन चटकते. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि भाज्यांची मिसळ करून आपण ऋतूप्रमाणे खातोच. अडते ते विसाव्यापाशी. नेइजिंगमधला संवाद सम्राट आणि त्याचा वैद्य यांच्यातला आहे. उशिरा उठण्याची मुभा सम्राटाला होती. आपल्याकडे हजार विड्यांमागे मजुरी मिळवणारी बाई पहाटे उठून पाणी भरते, भाकऱ्या थापते आणि मग सूप मांडीवर घेऊन तेंदूची पाने कापायला बसते. चीनमधला बाळंतपणानंतरचा विसाव्याचा महिना आणि आपला सव्वा महिना टिकून राहिले, कारण त्या काळात बाळंतिणीचे काम आई, सासू किंवा जाऊ उचलते. थंडीच्या दोन महिन्यांसाठी अशी वाटणी कोणत्याच घरात ठरलेली नाही. सकाळच्या भाकऱ्या घरातल्या दुसऱ्या कोणी थापल्या, तरच त्या बाईला ऊन दारात येईपर्यंत अंथरुणात राहता येईल.