कच्चे कातडे की कंडरा: लांब लाकडी धनुष्याच्या पाठीवर काय चिकटवावे?

हाताने लाकडी धनुष्य घडवणाऱ्याला कधी ना कधी असा सल्ला मिळतोच की पाठीवर कातडे किंवा कंडरा (मांसाला हाडाशी जोडणारी दोरी) चिकटवा, म्हणजे धनुष्य तुटणार नाही. सल्ला देणाऱ्याच्या बोलण्यात हे दोन पर्याय एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात आणि त्याला कारणही आहे. दोन्ही वस्तू जनावराच्या अंगच्या, दोन्ही भिजवून सरसाने, म्हणजे जनावराच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाने, बसवायच्या, आणि वाळल्यावर दोन्ही पिवळसर, अर्धपारदर्शक आणि नखाने वाजवले तर टणटणीत. मात्र धनुष्य वाकू लागले की त्यांची कामे अगदी वेगळी होतात. कातडे लाकडाची राखण करते, तर कंडरा लाकडाच्या जोडीने स्वतः ताण घेते.

हे कळण्यासाठी आधी पाठ कशाला म्हणतात ते पक्के करावे लागते. धनुष्य नेम धरून उभे केले असता जी बाजू लक्ष्याकडे असते ती पाठ आणि जी आपल्याकडे असते ते पोट. दोरी ओढताच पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. लाकूड साधारणपणे दाबापेक्षा ताण अधिक चांगला सोसते, म्हणून पाठीवरचे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असतील तर तिला कोणत्याही आधाराची गरज नसते. १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ साली पाण्याबाहेर काढलेल्या ‘मेरी रोज’ या इंग्लिश युद्धनौकेच्या अवशेषांत १३७ अखंड लांब धनुष्ये सापडली. ती यू झाडाच्या लाकडाची आणि सुमारे दोन मीटर लांबीची आहेत. त्यांच्या पाठीवर वेगळे काही चिकटवलेले नाही. ताण सोसणारे फिकट रसकाष्ठ, म्हणजे सालीलगतचे लाकूड, पाठीकडे आणि दाब सोसणारे गाभ्याचे लाकूड पोटाकडे, अशी निवड करूनच ती एका तुकड्यातून घडवली आहेत.

प्रश्न निर्माण होतो तो पाठीचे तंतू तुटलेले असतात तेव्हा. फळीतून कापलेल्या पट्टीत तंतू बहुधा थोडे तिरके असतात आणि ते कडेला जाऊन संपतात. ओंडक्यातून घडवतानाही रंधा किंवा पटाशी खोल गेली तर वार्षिक वलय मधेच कापले जाते. अशा ठिकाणी ताण आला की तंतूचे मोकळे टोक उचलले जाते, तिथून झिलपी उठते आणि ती एकदा लांबवर उकलली की भुजा, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंतचा वाकणारा भाग, मोडायला वेळ लागत नाही.

कच्चे कातडे ही झिलपी उठू देत नाही, आणि त्याचे मुख्य काम एवढेच आहे. कच्चे म्हणजे केस काढलेले, खरवडलेले, परंतु न कमावलेले. कमावलेले चामडे मऊ आणि लवचीक असते, त्यामुळे ते दाब देऊन धरून ठेवत नाही. शोभेसाठी लावायचे तर खुशाल लावावे, पण संरक्षण म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नये. कातड्यातील तंतू नमद्यासारखे सर्व दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणून ते कोणत्याही बाजूने सहज फाटत नाही, आणि त्याच कारणाने लांबीच्या दिशेने फारशी ओढही देत नाही. कातड्याने बाण वेगाने सुटतो असे म्हणणारेही भेटतात. त्यांना धनुष्याचे वजन वाढले आहे एवढेच आठवण करून द्यावे.

बसवण्याची रीत साधी आहे. शेळीचे किंवा वासराचे, सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचे कातडे दोन पट्ट्यांत कापून, मऊ फडक्यासारखे लोळेपर्यंत पाण्यात भिजवायचे, निथळून कोमट सरसात घोळायचे आणि मुठीवर दोन्ही पट्ट्या एकमेकींवर येतील अशा बेताने पाठीवर पसरून, अंगठ्याने मधून कडेकडे दाबत खालची हवा आणि जास्तीचा सरस बाहेर काढायचा. मग कापडी पट्टी गुंडाळून काही दिवस वाळू द्यायचे. काळजी घ्यावी लागते ती लाकडाच्या स्वच्छतेची: घासून तयार केलेल्या पाठीवर तेलकट अंगठा टेकला असेल तर नेमक्या तेवढ्याच जागी कातडे धरत नाही, आणि धनुष्य पहिल्यांदा वाकवताना तिथे नाण्याएवढा फुगा येतो.

कंडरेची गोष्ट निराळी आहे. इथे शब्दाचाही थोडा घोळ आहे, कारण काही जण तिला स्नायू म्हणतात. आजच्या मराठीत स्नायू म्हणजे आकुंचन पावणारे मांस, आणि आपल्याला हवी आहे ती मांसाला हाडाशी जोडणारी दोरी. जनावराच्या पायाची वाळलेली कंडरा हातात घेतली तर ती शिंगाच्या कांडीसारखी कडक आणि मधाच्या रंगाची लागते. गुळगुळीत दगडावर ठेवून लाकडी मोगरीने ठोकत गेले की ती हळूहळू पांढरी पडते, फुलते आणि शेवटी तिचे केसांसारखे बारीक धागे सुटे होतात. हे सगळे धागे एकाच दिशेने, समांतर असतात, आणि कंडरेची सारी ताकद या समांतरपणात आहे. लाकूड आपल्या लांबीच्या साधारण एक टक्का ताणले गेले की तुटण्याच्या बेतात येते. कंडरा त्याच्या कितीतरी पट ताणली जाऊनही पूर्ववत होते. शिवाय सरसात भिजवलेले धागे वाळताना आखडतात आणि भुजांना दोरीच्या उलट दिशेने ओढून धरतात, त्यामुळे दोरी चढवण्याआधीच धनुष्यात ताण साठलेला असतो.

ही ओढ मिळवायची तर कष्ट भरपूर आहेत. धागे विंचरून, लहान जुड्या करून, विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधे एकाआड एक येतील अशा रीतीने थर लावावे लागतात. सरस साधारण साठ अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. तो उकळला की त्याची पकड जाते. थर वाळायला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि घाई करून आधीच वाकवले तर सगळी मेहनत वाया जाते.

म्हणूनच कंडरा शोभते ती आखूड धनुष्यावर. घोड्यावरून चालवायची तुर्की किंवा मंगोल धाटणीची धनुष्ये आखूड असून खूप वाकतात. त्यांच्या पाठीवर कंडरा आणि पोटाला शिंग असते, कारण एवढी वाक एकटे लाकूड सोसूच शकत नाही. माणसाच्या उंचीएवढे लांब धनुष्य त्या मानाने सावकाश वाकते, लाकूड आपल्या मर्यादेत राहते आणि कंडरेच्या जास्तीच्या ताणाला तिथे करायला कामच उरत नाही. उरते ते वजन. वाळलेली कंडरा बहुतेक लाकडांहून बरीच जड असते, आणि भुजेच्या टोकाजवळ वाढलेला प्रत्येक ग्रॅम दोरी सोडल्यावर बाणाला मिळायची गती खातो. लांब धनुष्यावर महिनाभर खपून कंडरा लावणे मला तरी वाया घालवलेले श्रम वाटतात.

दमट हवेचा विचार केला तरी हाच कौल मिळतो. ओलावा दोघांनाही बाधतो, परंतु कातडे सैल पडले तर राखण थोडी कमी होते, आणि कंडरा सैल पडली तर धनुष्याची ओढच उतरते. जुने कारागीर कंडरेवर पातळ चामडे किंवा झाडाची साल मढवत ते यासाठीच. अशा धनुष्याकडे बाहेरून पाहणाऱ्याला फक्त चामडे दिसते आणि सारा ताण तेच सोसत असावे असे वाटते. दोन्हींची गल्लत होण्याचे हेही एक कारण असावे.

पोटाच्या दुखण्यावर मात्र दोन्हींचा उपयोग नाही. पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या उमटू लागल्या असतील तर लाकूड दाबाने चिरडले जात आहे, आणि पाठीवर काहीही चिकटवून ते थांबणार नाही. तंतू फारच तिरके असतील, म्हणजे वीतभर अंतरातच एका कडेकडून दुसरीकडे जात असतील, तर ती पट्टी सरळ बाजूला ठेवावी. तंतू किंचितच तिरके असतील किंवा एखादी लहान गाठ शंका आणत असेल, तर कातडे पुरेसे आहे; ते मिळत नसेल तर सरसात भिजवलेले तागाचे किंवा रेशमाचे कापडही जवळपास तेच काम करते. लावण्याआधी पाठीच्या दोन्ही कडा कानशीने गोल कराव्यात आणि कातडे कडेवरून थोडे खाली उतरेल एवढे रुंद कापावे, कारण झिलपी बहुतेक वेळा पाठीच्या मध्यावर नव्हे तर कडेलाच उठायला सुरुवात होते.