तहकूब स्वराज्य: महायुद्धातले आयरिश होमरूल आणि त्यावरून फुटलेले पक्ष

एप्रिल १९१६ चा शेवटचा आठवडा. बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरली होती आणि २८ तारखेला तिथे लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. बॅप्टिस्टा केंब्रिजला शिकलेले, आयर्लंडच्या चळवळीने भारलेले. ‘होमरूल’, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यात राहून अंतर्गत कारभाराचे स्वराज्य, हे नाव तिथूनच आले. नेमक्या त्याच दिवशी डब्लिनमध्ये बंडखोरांच्या ताब्यातले मुख्य टपाल कार्यालय जळत होते, आणि दुसऱ्या दिवशी बंडखोर शरण आले. बेळगावात जो शब्द नव्याने उच्चारला जात होता, तो डब्लिनच्या तरुणांना आता पुरेनासा झाला होता. दोन वर्षांपूर्वीच होमरूलचा कायदा मंजूर झालेला असताना असे का व्हावे, हे समजून घ्यायचे तर लंडनच्या पक्षांच्या आत डोकवावे लागते.

मुळात हा प्रश्न ब्रिटिश पक्षांना फोडणाराच होता. १८८६ मध्ये ग्लॅडस्टन यांनी पहिले होमरूल विधेयक आणले तेव्हा त्यांच्याच लिबरल पक्षातल्या ९३ सभासदांनी विरोधात मत दिले. जोसेफ चेंबरलेन आणि लॉर्ड हार्टिंग्टन यांच्यामागे गेलेला हा गट पुढे हुजूर पक्षाशी हातमिळवणी करत १९१२ मध्ये त्यातच विलीन झाला. १८९३ चे दुसरे विधेयक कॉमन्समध्ये मंजूर झाले, पण लॉर्ड्सच्या सभागृहाने ते ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळले. लॉर्ड्स आहेत तोवर होमरूल नाही, हे गणित त्या दिवशी पक्के झाले.

ते बदलले १९१० च्या दोन निवडणुकांनी. लिबरल आणि हुजूर पक्ष जवळजवळ बरोबरीत अडकले आणि जॉन रेडमंड यांच्या आयरिश पक्षाच्या सत्तरहून अधिक सभासदांशिवाय ॲस्क्विथ यांचे सरकार टिकणे कठीण झाले. १९११ च्या पार्लमेंट कायद्याने लॉर्ड्सचा नकाराधिकार संपला. विधेयक अडवण्याची त्यांची ताकद दोन वर्षांपुरती उरली. एप्रिल १९१२ मध्ये तिसरे विधेयक आले. म्हणजे ते १९१४ पर्यंत कायदा होणार हे ठरल्यासारखेच होते, आणि म्हणूनच विरोध पार्लमेंटच्या बाहेर गेला.

आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या प्रॉटेस्टंटांची भीती खोटी नव्हती. डब्लिनच्या कॅथलिक बहुमताखाली आपला धर्म, बेलफास्टच्या गिरण्या आणि गोद्या यांचे काय होणार, हा त्यांचा प्रश्न होता. सप्टेंबर १९१२ मध्ये सुमारे २ लाख ३७ हजार पुरुषांनी होमरूल होऊ न देण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. त्यांचे पुढारी एडवर्ड कार्सन स्वतः डब्लिनचे, नामांकित वकील. पुढच्या वर्षी अल्स्टर स्वयंसेवक दल उभे राहिले आणि एप्रिल १९१४ मध्ये लार्न बंदरात त्यांनी सुमारे २५ हजार बंदुका उतरवल्या. माझ्या मते याहून गंभीर गोष्ट लंडनमध्ये घडली होती. हुजूर पक्षाचे नेते बोनार लॉ यांनी जुलै १९१२ मध्ये ब्लेनहाइमच्या सभेत जाहीर केले, की अल्स्टर प्रतिकारात कितीही पुढे गेले तरी आपला त्याला पाठिंबा राहील. कायद्याचे राज्य हा ज्या पक्षाचा अभिमान, त्याच्या नेत्याने सशस्त्र प्रतिकाराला असे अभय दिले. दक्षिणेतल्या तरुणांनी हा धडा नीट वाचला. नोव्हेंबर १९१३ मध्ये त्यांचेही आयरिश स्वयंसेवक दल डब्लिनमध्ये उभे राहिले.

जुलै १९१४ मध्ये राजाने बकिंगहॅम राजवाड्यात लिबरल, हुजूर, आयरिश आणि अल्स्टर अशा चारही बाजूंच्या आठ पुढाऱ्यांना बसवले. फर्मॅना आणि टिरोन या मिश्र वस्तीच्या काउंट्यांवर बोलणी अडली आणि चौथ्या दिवशी मोडली. दहा-बारा दिवसांत महायुद्ध सुरू झाले.

युद्धाने भांडण मिटले, असे त्या ऑगस्टमध्ये अनेकांना मनापासून वाटले. ३ ऑगस्टला रेडमंड कॉमन्समध्ये उभे राहिले आणि म्हणाले, सरकारने आयर्लंडमधले सैन्य खुशाल हलवावे, उत्तरेचे आणि दक्षिणेचे स्वयंसेवक मिळून किनारा राखतील. त्यांनी बदल्यात काही मागितले नाही. पण कायदा पुस्तकात यावा ही त्यांची अपेक्षा होती, आणि ॲस्क्विथ यांनी ती एका विचित्र रीतीने पुरी केली. १८ सप्टेंबरला होमरूल कायद्याला राजाची संमती मिळाली आणि त्याच दिवशी दुसऱ्या कायद्याने तो तहकूब झाला: किमान बारा महिने, आणि युद्ध लांबले तर युद्ध संपेपर्यंत. शिवाय अल्स्टरसाठी दुरुस्ती केल्याशिवाय तो लागू होणार नाही, असेही आश्वासन. याआधी तीन दिवस, सरकारने युद्धकाळातली तडजोड मोडली असे म्हणत बोनार लॉ आपल्या पक्षासह सभागृहातून उठून गेले होते.

या तहकुबीतच पुढच्या सगळ्या फुटींचे मूळ आहे, असे मला वाटते. रेडमंड यांच्या हाती आपल्या लोकांना दाखवायला कायदा होता, कार्सन यांच्या हाती तो लागू न होण्याचे वचन होते. दोघांनीही आपापली माणसे युद्धावर पाठवली ती आपल्या बाजूचा निकाल लागेल या भरवशावर.

रेडमंड यांनी २० सप्टेंबरला विक्लो काउंटीतल्या वुडनब्रिज इथे स्वयंसेवकांना थेट रणांगणावर जाण्याचे आवाहन केले आणि त्यांच्या बाजूची पहिली फूट पडली. सुमारे १ लाख ८० हजारांपैकी बहुतेक त्यांच्याबरोबर राहिले. दहा-बारा हजार दलाचे एक संस्थापक ओन मॅकनील यांच्यामागे बाहेर पडले. आकड्यांत हा गट क्षुल्लक होता, पण १९१६ चे बंड त्याच्यातूनच निघाले.

मे १९१५ मध्ये संयुक्त सरकार झाले. कार्सन ॲटर्नी जनरल म्हणून मंत्री झाले. रेडमंड यांनाही जागा देऊ केली होती, पण होमरूल अमलात येण्याआधी मंत्रिपद नको, या पक्षाच्या जुन्या व्रताला धरून त्यांनी ती नाकारली. त्यांची सचोटी खरी, पण परिणाम असा झाला की कायद्याचा शत्रू मंत्रिमंडळात आणि कायद्याचा धनी बाहेर.

मग एप्रिल १९१६ चे ते डब्लिनमधले ईस्टरचे बंड आले. बंडापेक्षा त्यानंतरच्या शिक्षांनी लोकमत फिरवले. ३ ते १२ मे या दिवसांत १५ जणांना गोळ्या घातल्या गेल्या, रोज थोडे थोडे. रेडमंड यांचे सहकारी जॉन डिलन ११ मे रोजी कॉमन्समध्ये संतापून बोलले: तुम्ही आमच्या आयुष्यभराच्या कामावर रक्ताचे पाट वाहवत आहात. इंग्रज सभासद त्यांच्यावर ओरडत होते. घटनात्मक मार्गाने चाळीस वर्षे चालत आलेल्या पक्षाची शोकांतिका त्या एका दुपारी सगळ्यांसमोर उभी होती.

त्याच उन्हाळ्यात लॉइड जॉर्ज यांना तोडगा काढायला सांगितले गेले. अल्स्टरच्या नऊपैकी सहा काउंट्या वगळून होमरूल लगेच लागू करायचे, अशी त्यांची योजना. ही वगळणी कायमची आहे असे त्यांनी कार्सनना लिहून दिले आणि रेडमंड यांना ती तात्पुरती आहे असे भासवले. दोघांनीही आपापल्या लोकांना मोठ्या कष्टाने राजी केले. २३ जूनला बेलफास्टमध्ये उत्तरेतल्या राष्ट्रवाद्यांनी ४७५ विरुद्ध २६५ मतांनी होकार दिला. उरलेल्या कॅव्हन, मॉनहन आणि डोनेगॉलच्या युनियनवाद्यांना, म्हणजे ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणाऱ्यांना, सोडून देताना कार्सन यांच्या सभेतही लोकांच्या डोळ्यांत पाणी आले.

आणि इथे हुजूर पक्ष आतून फुटला. बोनार लॉ आणि बाल्फोर तडजोडीला तयार. लॉर्ड सेलबर्न यांनी निषेधार्थ राजीनामा दिला. वॉल्टर लाँग आणि लॉर्ड लॅन्सडाउन अडून बसले. लॅन्सडाउन म्हणजे १८८८ ते १८९४ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय राहिलेले तेच. केरीमध्ये त्यांची मोठी जमीनदारी होती, आणि दक्षिणेतल्या विखुरलेल्या युनियनवाद्यांचे भय त्यांच्या तोंडून बोलत होते. त्यांच्या दबावाखाली योजनेत बदल झाले आणि जुलैअखेर ती कोसळली. त्याच जुलैच्या पहिल्या दोन दिवसांत फ्रान्समध्ये सॉम नदीच्या लढाईत ३६ व्या अल्स्टर डिव्हिजनचे पाच हजारांवर सैनिक जखमी, बेपत्ता वा ठार झाले होते. सप्टेंबरमध्ये रेडमंड यांच्या पक्षाचे माजी सभासद टॉम केटल सॉमच्याच आघाडीवर गिन्शीला पडले. दोन्हीकडच्या आया एकाच नदीकाठच्या बातम्यांची वाट पाहत होत्या.

डिसेंबर १९१६ मध्ये लिबरल पक्षच दुभंगला: लॉइड जॉर्ज पंतप्रधान, ॲस्क्विथ बाहेर. नवे सरकार हुजूर पक्षाच्या बळावर उभे असल्याने अल्स्टरवर सक्ती होणार नाही हे निश्चित झाले, आणि ते मार्च १९१७ मध्ये सभागृहात ऐकल्यावर रेडमंड यांचा पक्ष उठून गेला. जूनमध्ये त्यांचा भाऊ विली मेसीनच्या लढाईत मारला गेला. त्याच्या रिकाम्या जागी ईस्ट क्लेअरमधून, पूर्ण स्वातंत्र्य मागणाऱ्या शिन फेन पक्षाचे डी व्हॅलेरा निवडून आले.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये जुलै १९१७ पासून तोडगा शोधण्यासाठी आयरिश परिषद चालली. शिन फेनने बहिष्कार टाकला. तरी एक वाट दिसली होती: पूर्वीचे भारतमंत्री लॉर्ड मिडलटन यांनी दक्षिणेतल्या युनियनवाद्यांच्या वतीने होमरूल मान्य करायची तयारी दाखवली, फक्त जकातीचा अधिकार लंडनकडे ठेवून. रेडमंड तयार झाले. त्यांच्याच बाजूचे बिशप ओडॉनेल आणि जो डेव्हलिन तयार झाले नाहीत. ६ मार्च १९१८ ला रेडमंड वारले.

दोनच आठवड्यांनी जर्मनांचा मोठा हल्ला सुरू झाला आणि माणसे कमी पडताच सरकारने सक्तीची सैन्यभरती आयर्लंडला लावणारा कायदा केला. डिलन पक्षासह कॉमन्स सोडून डब्लिनला परतले आणि शिन फेनच्या मांडीला मांडी लावून विरोधाला बसले. २३ एप्रिलला अल्स्टरचा बराचसा भाग सोडून देशभर संप झाला. भरती कधी लागू झाली नाही, पण श्रेय शिन फेनला गेले.

डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत आयर्लंडच्या १०५ जागांपैकी शिन फेनला ७३ मिळाल्या, जुन्या पक्षाला ६. डिलन ईस्ट मेयोत हरले, तेही इंग्लंडच्या तुरुंगात असलेल्या डी व्हॅलेरांकडून. १९१४ चा कायदा एक दिवसही अमलात न येता १९२० मध्ये रद्द झाला. त्याच्या जागी आलेल्या कायद्याने दोन पार्लमेंटे दिली. दक्षिणेने आपले नाकारले. २२ जून १९२१ ला राजाने बेलफास्टच्या पार्लमेंटचे उद्घाटन केले, आणि होमरूल होऊ न देण्याची शपथ घेतलेले जेम्स क्रेग त्याचे पहिले पंतप्रधान झाले.