पाइपात शिसं आहे का? चाकू, चुंबक आणि कोकणचं पाणी

शिकागोला कुणी नातेवाईक असेल तर विचारून बघा, २०२४ च्या शेवटापासून तिथल्या काही घरांना पत्रं जायला लागली की तुमच्या घरात पाणी आणणारा पाइप शिशाचा आहे, किंवा तो कशाचा आहे हे आम्हालाच माहीत नाही. अमेरिकेत पाणीपुरवठा करणाऱ्यांना १६ ऑक्टोबर २०२४ पर्यंत कुठल्या घराचा पाइप कशाचा आहे याची यादी करून द्यायची होती. शिकागोत तर १९८६ साली देशभर बंदी येईपर्यंत घराच्या कनेक्शनला शिशाचाच पाइप टाकायचा असा शहराचा नियमच होता, त्यामुळे आजही तिथे असे ४ लाखांच्या आसपास पाइप जमिनीत आहेत.

आता आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात असं पत्र काही येणार नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्या नळ कनेक्शनला शिशाचा पाइप सापडायची शक्यता कमीच आहे, जीआय (जस्ताचा थर दिलेलं लोखंड) नाहीतर पीव्हीसी, हल्ली तो काळा प्लॅस्टिकचा एचडीपीई. तरी जुनं घर असेल तर बघून घ्यायला काय जातंय.

शिसं कसं दिसतं ते किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पागाच्या (फेकून मासे धरायच्या जाळ्याच्या) घेराला शिशाचे मणी असतात ना, बाहेरून काळपट राखाडी, सुरी लावली की आत चांदीसारखं चकचकीत आणि थोडे दिवस हवेत राहिलं की परत मळकट, पाइपही अगदी तसाच. मीटरपाशी जिथे पाइप जमिनीतून वर येतो तिथला रंग आणि माती आधी पुसून काढा, मग नाण्याच्या कडेने हलकंच खरवडा. सहज ओरखडा उठला आणि आत चकाकलं तर फ्रिजवरचं चुंबक लावा. चिकटलं तर लोखंड, म्हणजे जीआय. नाही चिकटलं आणि खरवडल्यावर तांबूस दिसलं तर तांबं. चिकटत नाही, आत चांदीसारखं आणि नखानेसुद्धा खूण पडतेय, तर शिसं समजा. जुन्या शिशाच्या पाइपला व्हॉल्व्हजवळ सांध्याची फुगीर गाठही असते. जोरात कोरू नका, भुगा पाण्यात जाऊ देऊ नका आणि नंतर हात साबणाने धुवा.

पण एवढं बघून सुटलो असं होत नाही. जुन्या नळपाणी योजनांच्या बिडाच्या मेनलाइनला सांध्यात ताग ठोकून वर वितळलेलं शिसं ओतायचे, ते अजून काही ठिकाणी जमिनीत आहे (तिथे पाण्याला शिशाचा थोडासाच भाग लागतो, म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही). जीआयच्या आतल्या जस्ताच्या थरात शिसं थोडंफार असू शकतं. पितळी नळ कापायला सोपा जावा म्हणून पितळेत मुद्दाम काही टक्के शिसं घालतात, अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या नळांना २०१४ पासून ०.२५ टक्क्यांची मर्यादा आहे. पीव्हीसी पाइपातही शिशाचं स्टॅबिलायझर (प्लॅस्टिक बनवताना उष्णतेने खराब होऊ नये म्हणून घालायचं रसायन) वापरलं जायचं, त्यावर आपल्याकडे २०२१ साली केंद्र सरकारने नियम आणले.

आणि इथे आपलं पाणी मधे येतं. घाटावर गेलात की बादलीला पांढरा थर, गिझरमध्ये चुना, साबणाला फेस येत नाही. कोकणात उलट, दोनदा हात चोळले की फेसच फेस. वर्षानुवर्षं पडणाऱ्या पावसाने जांभ्यातले क्षार धुवून नेलेत, त्यामुळे बऱ्याच विहिरींचं पाणी हलकं आणि जरा आम्लाकडे झुकलेलं. आपल्याला ते गोड लागतं, कौतुकही वाटतं, पण जड पाणी पाइपाच्या आत चुन्याचा थर देतं आणि धातू झाकला जातो, हलकं पाणी तसलं काही करत नाही, ते धातू हळूहळू विरघळवत राहतं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराने १८५९ पासून लॉक कॅट्रिन तळ्याचं असंच मृदू पाणी आणलं, शहरात पाइप शिशाचे, आणि शेवटी विसाव्या शतकात त्या पाण्यात चुना आणि पुढे फॉस्फेट घालायची वेळ आली. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलला आणि पाइपाला आतून जपणारं फॉस्फेट घातलंच नाही, मग पाइपातलं शिसं घराघरातल्या नळाच्या पाण्यात उतरलं, ते जगाने बघितलं.

मग चाकरमान्यांची घरं. शिमग्याला कुलूप लावलं की गणपतीला उघडतं, तोवर तेच पाणी नळात आणि पाइपात बसून. जितकं जास्त वेळ बसेल तितका धातू उतरतो, म्हणून घर उघडल्यावर पहिलं पाणी चहाला घेऊ नका, सगळे नळ भरपूर वेळ सोडा, झाडांना घाला, टाकीही रिकामी करून धुवून घ्या. रोजच्या घरातही सकाळी पिण्याचं पाणी भरायच्या आधी थोडं वाहू द्यावं. आणि उकळून शिसं जात नाही बरं का, पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं.

शिशाला वास नाही, रंग नाही, चव नाही. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे १००० लिटरच्या टाकीत सगळं मिळून १० मिलिग्रॅम. लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो आणि मुलांच्या पोटात ते मोठ्यांपेक्षा जास्त शोषलं जातं, म्हणून तान्ह्या बाळाचं दूध ज्या पाण्यात कालवता त्याची काळजी आधी घ्या. टीडीएस मीटरने हे कळत नाही, तो सगळे क्षार एकत्र मोजतो आणि त्यात ०.०१ कुठे दिसणार. आरओ विकायला येणारा माणूस पाण्यात दोन रॉड घालून पाणी काळंपिवळं करून दाखवतो, तो रंग बहुतेक त्याच्या रॉडच्या लोखंडाचा असतो. यूव्ही फिल्टर शिसं काढत नाही. आरओ मात्र काढतो.

खरं उत्तर लॅबमध्येच. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत जाताना शिसं तपासायचंय असं स्पष्ट सांगा आणि बाटली कशी भरायची तेही विचारून घ्या. दोन नमुने घ्या. पहिला, रात्रभर किमान ६ तास कुणी नळ न उघडता सकाळचं अगदी पहिलं पाणी, दुसरा ५-१० मिनिटं नळ सोडल्यानंतरचं, आणि बाटल्यांवर पहिलं-दुसरं लिहून ठेवा नाहीतर घोळ होतो. पहिल्यात जास्त आणि दुसऱ्यात जवळपास नाहीच असं आलं तर बहुतेक तुमचा नळ किंवा घरातलं फिटिंग, नळ बदलून परत तपासा. दोन्हीत जास्त असेल तर दोष नळाच्या मागे कुठेतरी, कनेक्शनच्या पाइपात, मेनलाइनला किंवा विहिरीतच, मग तो रिपोर्ट घेऊन ग्रामपंचायतीत नाहीतर नगरपरिषदेत जायचं आणि शेजाऱ्यांनाही त्यांचं पाणी तपासायला सांगायचं.