उंच उडालेल्या बॉलचं गणित कोण करतं?

सॉफ्टबॉलचा सराव चालू असलेल्या मैदानाच्या कडेला थोडा वेळ उभं राहा, एक वाक्य हमखास कानावर पडतं: "अगं, आधी बॉल कुठे पडतोय ते ओळख, मग पळ!" कोच होम प्लेटवरून, म्हणजे बॅटरच्या जागेवरून, आउटफिल्डकडे, म्हणजे बेसच्या पलीकडच्या बाहेरच्या मैदानाकडे, उंच बॉल मारतात, मुली जागेवर थांबून अंदाज घेतात आणि मग सुटतात. शालेय स्पर्धांमुळे जळगाव-अमरावतीपासून पुण्यापर्यंत हा खेळ चांगला रुजला, त्याच्यासोबत हे वाक्यही रुजलं. सल्ला शहाणपणाचा वाटतो. पण बॉल कुठे पडणार हे खेळाडूला आधीच कळतं, या समजुतीवर तो उभा आहे, आणि तीच चुकीची आहे.

इनफिल्डची, म्हणजे बेसच्या आसपासच्या आतल्या मैदानाची, गोष्ट वेगळी. होमपासून तिसरा बेस १८.२९ मीटरवर. ताशी ११० किलोमीटरने आलेला लाइन ड्राइव्ह (जमिनीला जवळपास समांतर जाणारा सणसणीत फटका) हे अंतर ०.६ सेकंदात कापतो, त्यातले ०.२ तर नुसतं हलायला लागण्यात जातात. तिथे घोटून घेतलेली सवयच कामी येते. मला ओढ आहे ती उंच, संथ वाटणाऱ्या फ्लाय बॉलची.

१९६८ साली सेव्हिल चॅपमन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने बेसबॉलच्या झेलावर एक छोटा लेख लिहिला. त्यातली युक्ती इतकी देखणी आहे की थोडी आकडेमोड सोसाच. समजा बॉलचा आडवा वेग सेकंदाला १५ मीटर आणि वर जाण्याचा वेगही तेवढाच. गुरुत्वत्वरण १० धरू, हवा तूर्त विसरू. बॉल ३ सेकंद हवेत राहील आणि ४५ मीटरवर पडेल. नेमकी तिथेच एक फिल्डर उभी आहे. १ सेकंदाने बॉल १० मीटर उंच आणि तिच्यापासून ३० मीटर दूर. दहावीतला उन्नत कोन आठवा: टॅन म्हणजे उंची भागिले अंतर, म्हणजे एक तृतीयांश. २ सेकंदांनी उंची पुन्हा १० मीटर, अंतर १५. टॅन दोन तृतीयांश. टॅन अगदी एकसारखा वाढतोय. हा योगायोग नाही. उंचीच्या सूत्रात आणि अंतराच्या सूत्रात 'उरलेला वेळ' हा घटक दोन्हीकडे असतो. भागाकारात तो उडतो आणि टॅन सरळ गेलेल्या वेळाच्या प्रमाणात राहतो.

आता हीच मुलगी ५ मीटर पुढे, म्हणजे ४० मीटरवर उभी करा. १ सेकंदाने टॅन ०.४, २ सेकंदांनी १. पहिल्या सेकंदात ०.४ ची वाढ, दुसऱ्यात ०.६. वाढीचा वेग चढतोय, म्हणजे बॉल डोक्यावरून जाणार, मागे सर. तिला ५० मीटरवर नेलं तर पहिल्या सेकंदात सुमारे ०.२९ आणि दुसऱ्यात ०.२१. वाढ मंदावतेय, म्हणजे बॉल पुढ्यात पडणार, आत धाव. बॉलचा वेग, उंची, अंतर यातलं काहीही ठाऊक नसलं तरी चालतं. नजर बॉलवर ठेवायची आणि ही वाढ एकसारखी राहील अशा बेताने पाय पुढेमागे करायचे. टॅनवर विश्वास बसत नसेल तर साध्या कोनात सांगतो: तो वाढत राहिला पाहिजे, पण झेलाआधी ९० अंशांना पोचता कामा नये.

हवा विसरलो होतो. सॉफ्टबॉल चांगला गरगरीत, परिघ १२ इंच, वजन जेमतेम १८०-२०० ग्रॅम. हवा त्याला जाणवण्याइतकी अडवते आणि मार्ग अचूक पॅराबोला (दोन्ही बाजूंनी सारखी कमान) राहत नाही. आधी गणित करून जागा ठरवली असती तर इथेच फसगत झाली असती. इथे मात्र चूक दिसली की पाय ती क्षणोक्षणी सुधारत जातात.

पीटर मॅक्लाऊड आणि झोल्टान डिएनेस यांनी १९९०च्या दशकात झेल घेणाऱ्यांच्या धावण्याचं चित्रीकरण करून हेच तपासलं. झेल घेणारे जागेवर आधी जाऊन वाट बघत नव्हते. वेगात बदल करत ते बॉलसोबतच तिथे पोचत होते. धावती एसटी पकडताना आपण जसे तिच्यासोबतच दाराशी येतो, तसे. ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी १९९६ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: हा झेल आपल्या आवाक्यात आहे का, हे जागेवर खिळून बघणाऱ्यांना नीट सांगता येत नाही, हलायची मुभा मिळाली की अंदाज सुधारतो. मायकल मॅकबीथ आणि सहकाऱ्यांचं मत थोडं निराळं, बॉल नजरेत सरळ रेषेत सरकत राहील असं खेळाडू धावतात असं ते मानतात. याच गटाने पुढे कुत्र्यांच्या डोक्यावर कॅमेरे बसवून फ्रिजबी पकडणं तपासलं, तर कुत्रेही तसंच धावत होते.

म्हणूनच मिडब्रेन ॲक्टिव्हेशनच्या (मेंदूचा मधला भाग 'जागा' करण्याच्या) नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून पोरांना वाचायला लावणारे क्लास बघितले की हसू येतं आणि पालकांनी मोजलेल्या पैशांची कीवही. पट्टीखालून नाकाशेजारच्या फटीतून दिसतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. नजर तुटली की झेलाची ही सगळी यंत्रणा बंद पडते, मेंदूचा कुठलाही भाग 'जागा' केला तरी.

सरावासाठी यातून बरंच निघतं. सगळ्यात अवघड बॉल सरळ अंगावर येणारा. बाजूने जाणाऱ्या बॉलमध्ये आडवी सरकण दिसते, इथे फक्त वर चढणं. त्यामुळे कोचने असे बॉल मुद्दाम जास्त मारावेत, कधी आखूड, कधी डोक्यावरून. टाचांवर धाव घेतली की नजर हादरते आणि बॉल आभाळात नाचतो, म्हणून चवड्यांवर धावायचं. ग्लोव्ह शेवटच्या क्षणी पुढे. तो आधीपासून ताणून धरला तर हात हलत नाहीत आणि वेग पडतो.

दोन फिल्डर एकाच बॉलखाली आल्या की "माझा!" ही हाकही उशिराच द्यायला शिकवावी. बॉल चढत असताना तो कुणाचा हे दोघींनाही खात्रीने कळलेलं नसतं. तेव्हा ओरडलेली हाक मागे घ्यावी लागते आणि टक्कर होते. बॉल उतरायला लागला की हाक द्यायची, एकदा नव्हे दोन-तीनदा, मोठ्यांदा. दोघी एकदम ओरडल्या तर सेंटर फिल्डरचा, म्हणजे आउटफिल्डच्या मधोमध उभी असणारीचा, बॉल, दुसरीने तिच्या मागे जाऊन उभं राहायचं.