गिरणीवाले काका गडकरी रंगायतनला भेटले तेव्हा

परवा गडकरी रंगायतनला नाटकाच्या मध्यंतरात वड्याच्या लाईनीत उभा होतो, पुढचे गृहस्थ वळले आणि ओळखीचं हसले. मी पण हसलो. चेहरा शंभर टक्के माहितीतला पण कोण ते काही केल्या आठवेना, बँकेतले? सोसायटीतले? बायकोच्या माहेरचे? दोन मिनिटं "काय मग, कसं काय" करत काढली आणि मग तेच म्हणाले, "भाजणी टाकली नाहीत का यंदा?" अरे देवा, आमच्या नौपाड्यातले गिरणीवाले काका! इतकी वर्षं बघतोय यांना, पण कायम भुवयांवर पीठ, आणि इथे इस्त्रीचा शर्ट आणि चापून बसवलेला भांग, कसे ओळखणार.

घरी येऊन वाचत बसलो तर यावर आधीच लिहून झालंय. जॉर्ज मँडलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये जवळजवळ हेच उदाहरण घेतलंय, फक्त त्याच्याकडे नेहमीचा खाटीक बसमध्ये दिसतो. त्याचं म्हणणं, 'ओळखीचं वाटणं' आणि 'कोण ते आठवणं' ही दोन वेगळी कामं आहेत, पहिलं आपोआप होतं, दुसऱ्याला डोक्यात शोधाशोध करावी लागते.

आता वाटतं यात काय मोठंसं, पण इथपर्यंत यायला फार वेळ लागला, कारण त्याआधी बहुतेक सगळा भर 'साठवण्या'वर होता. प्लेटोने मेणाच्या पाटीची उपमा दिली, मेण चांगलं तर ठसा चांगला. आपल्याकडे पाठांतराची परंपरा मोठी, पण तिथेही जोर पक्कं बसवण्यावर. (आणि बसलेलं बाहेर कसं येतं बघा, मला अजून सतरा आठे विचारलं की मनात सतरा एकेपासून गाडी सुरू करावी लागते.)

पहिला नीट हिशोब मांडला जर्मनीच्या हरमान एबिंगहाऊसने, १८८५ मध्ये. माणूस भारी चिकाटीचा, सुमारे २३०० अर्थ नसलेले अक्षरगट जुळवले, त्यांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि काही वेळाने तीच यादी परत पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजलं. तासाभरात या वाचणाऱ्या वेळेचा निम्म्याहून जास्त फायदा गेलेला, दिवसानंतर साधारण एक तृतीयांश उरलेला, पण महिन्याने बघितलं तरी पाचवा हिस्सा शिल्लकच. सगळे त्याचा विसरण्याचा आलेख तेवढा दाखवतात, मला मात्र दुसरीच गोष्ट मोठी वाटते, यादीतलं काही आठवत नसलं तरी ती परत पाठ करताना वेळ वाचत होता, म्हणजे आठवत नाही म्हणजे गेलंच असं नाही.

मग १९५३, अमेरिकेतलं हार्टफर्ड. हेन्री मोलेसन, वय २७, फिट्स थांबेनात म्हणून डॉक्टर स्कोव्हिलने मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग काढला. फिट्स कमी झाल्या, पण नवीन काही लक्षात राहणं संपलं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनरने हेन्रीला आरशात बघून चांदणीच्या रेघांमधून पेन्सिल फिरवायला लावली (करून बघा, हात उलटाच जातो). रोज त्याचा हात सुधारत गेला आणि रोज तो म्हणायचा की हे मी आधी कधीच केलेलं नाही. म्हणजे हाताची आठवण वेगळी आणि प्रसंगाची वेगळी.

आमच्या वड्याच्या लाईनीचं उत्तर मात्र १९६६ चं. एंडेल टुल्व्हिंग आणि झीना पर्लस्टोन यांनी शाळकरी मुलांना गटागटाने शब्द पाठ करायला दिले, नंतर काहींना नुसतं "आठवा" म्हटलं, काहींना गटांची नावं पुढे ठेवली. नावं मिळालेल्यांना बरेच जास्त शब्द आठवले. शब्द दोघांच्याही डोक्यात होते, हात पोचत नव्हता इतकंच, धागा लागतो.

जागा पण धागा होते का? गॉडन आणि बॅडली यांनी १९७५ मध्ये पाणबुड्यांना पाण्याखाली शब्द ऐकवले, ते पाण्याखालीच जास्त आठवले, काठावर ऐकलेले काठावर. हा प्रयोग सगळीकडे सांगतात, पण २०२१ मध्ये परत करून बघितला तेव्हा तसा फरक दिसला नाही, म्हणून मी त्यावर फार भार टाकत नाही. मजा अशी की १९८० मध्ये याच दोघांनी "हा शब्द ऐकला होता का" एवढंच विचारलं तर पाणी की काठ याने काही बिघडलं नाही, आणि माझंही तेच झालं होतं की, चेहरा गडकरीला पण ओळखला, माणूस नाही.

रविवारी गव्हाचा डबा घेऊन गेलो. गिरणीच्या पायरीवर तो गरम पिठाचा वास आला आणि काकांचं आडनाव, गाव, मुलीचं कॉलेज, मागच्या वेळचे माझे सुटे बारा रुपये त्यांच्याकडे राहिलेत इथपर्यंत सगळं धडाधड आठवलं. बारा रुपयांचं त्यांना काही आठवत नव्हतं.